बोपण्णाची कारकीर्द वाचताना मधली वर्षं गाळू नका

मोर्शी-वरुड पट्ट्यातल्या एका संत्रा बागायतदार भाऊंनी विचारलं आहे:

“सर, पोरगं अकरा वर्साचं हाय. दोन वर्सांपासून क्लबच्या मुरमाच्या कोर्टावर खेळते. सर्व्हिस लय जोरात हाय, क्लबातल्या मोठ्या माणसाइले घेता येत नाही. रोहन बोपण्णा रिटायर झाला तवा वाचलं का तोही बागायतदाराचाच पोरगा, त्यानंबी अकराव्या वर्षीच टेनिस धरलं अन् त्रेचाळिसाव्या वर्षी नंबर एक झाला. म्हंजे आपल्या पोराजवळ टाइम हाय ना? त्याले आताच पुण्याले टाकू का? दोन एकर इकाची तयारी हाय माही. अन् वावरातच कोर्ट बनवलं तं चालन का?”

भाऊ, प्रश्न चार आहेत. पण तुमचा सगळा हिशेब बोपण्णाच्या गोष्टीवर उभा आहे, म्हणून आधी ती गोष्ट पूर्ण पाहू. मी विदर्भात टेनिस शिकवतो, आणि तालुक्याच्या गावांतून येणारी मुलंच माझ्याकडे जास्त असतात. पेपरात शेवटचा चषक छापून येतो, त्याआधीची वर्षं कोणी छापत नाही. आई-बाप मात्र त्या छापलेल्या फोटोवरून निर्णय घेतात. म्हणून थोडं लांबण लावतो.

बोपण्णाचा जन्म ४ मार्च १९८०चा, बंगळुरूचा. वाढला कर्नाटकातल्या कोडगूत, वडिलांचा कॉफीचा मळा. निवृत्त होताना त्यानं जे लिहिलं त्यात सर्व्हिसला ताकद यावी म्हणून लाकडं फोडायचो, दम वाढावा म्हणून कॉफीच्या मळ्यातून पळायचो, तडे गेलेल्या कोर्टांवर खेळायचो, असं सगळं आहे. तुम्हाला ते आपलं वाटलं, ते बरोबरच आहे. चौदाव्या वर्षी तो पुण्यात प्रशिक्षक नंदन बाळ यांच्याकडे शिकायला आला. देशादेशांच्या संघांत होणाऱ्या डेव्हिस कपमध्ये भारताकडून पहिल्यांदा उतरला २००२ साली, बाविसाव्या वर्षी. इथवरची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते.

यापुढचा आकडा मात्र कोणी सांगत नाही. एकेरीत त्याची आयुष्यातली सर्वोत्तम क्रमवारी २१३, तीही २००७ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. जगातला २१३वा म्हणजे किती मोठा खेळाडू! आपल्या देशात एका वेळी इतक्या वर पोचलेले पुरुष हाताच्या बोटांवर मोजता येतात. पण ग्रँड स्लॅम म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा, त्यांच्या पुरुष एकेरीत १२८ जागा असतात आणि क्रमवारीवरून थेट प्रवेश १०४ जणांना. बाकीच्या जागा पात्रता फेरीतून आणि वाइल्ड कार्डनं, म्हणजे आयोजकांच्या खास निमंत्रणानं, भरतात. २१३वा खेळाडू त्या दाराच्या बाहेरच उभा असतो. सोळा वर्षं खेळून, देशाचं प्रतिनिधित्व करून, पावणेदोन मीटरच्या कितीतरी वर उंची आणि तोफेसारखी सर्व्हिस असूनही तो एकेरीत तिथंच थांबला.

मग त्यानं दुहेरीवर भर दिला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच. दुहेरीत आपली सर्व्हिस चार गेममधून एकदाच येते, अर्धं कोर्ट सांभाळायचं असतं, रॅली छोट्या असतात. सर्व्हिस, परतवणी आणि नेटजवळची व्हॉली (टप्पा पडू न देता मारलेला फटका) ही तीन हत्यारं धारदार असली की पायांवरचा भार पुष्कळ कमी होतो. बोपण्णाकडे पहिलं हत्यार होतंच, बाकीची दोन त्यानं वर्षानुवर्षं घासली. २०१०मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर तो अमेरिकन ओपनच्या अंतिम फेरीत गेला. अमेरिकेच्या ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकवर, म्हणजे सहा-सहा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेमवर, घेतले. त्याच सप्टेंबर महिन्यात चेन्नईला ब्राझीलविरुद्ध डेव्हिस कपमध्ये भारत ०-२ नं मागे होता. तिथून बरोबरी झाली आणि पाचवा, निर्णायक एकेरीचा सामना बोपण्णानं रिकार्डो मेलोविरुद्ध जिंकला. एकेरी सोडून दुहेरीकडे वळला म्हणजे एकेरीची तयारी वाया गेली, असं म्हणणाऱ्यांना मी हा सामना सांगतो.

२०१३मध्ये दुहेरीत तो जगात तिसरा होता. वर्षअखेरच्या एटीपी फायनल्समध्ये २०१२ला महेश भूपतीबरोबर आणि २०१५ला फ्लोरिन मर्जियाबरोबर उपविजेता. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सानिया मिर्झाबरोबर मिश्र दुहेरीत चौथा, पदक एका सामन्यानं हुकलं. पहिला ग्रँड स्लॅम चषक आला २०१७ला, फ्रेंच ओपनच्या मिश्र दुहेरीत, कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीबरोबर. तोही मॅच पॉइंट वाचवून, म्हणजे एका गुणानं हार ठरणार होती तिथून, निर्णायक टायब्रेक १२-१० असा. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्या क्रमांकावर जायला त्याला दहा वर्षांहून जास्त लागली, आणि ही दहा वर्षं चढणीची नव्हती. क्रमवारी खाली आली, जोडीदार बदलले, गुडघे गेले.

गुडघ्यांची गोष्ट पोराला नक्की सांगा. त्याच्या गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, झिजून संपली होती, वेदनाशामक गोळ्या घेऊन तो खेळायचा. लॉकडाउनच्या काळात त्यानं अय्यंगार योग धरला आणि त्यानंतर गुडघ्यांना उतार पडला, असं तो स्वतःच सांगतो. २०२१च्या आसपास त्याचे पाच महिने एकही सामना न जिंकता गेले. आता थांबतो, असं त्यानं बायकोला सांगूनही टाकलं होतं. थांबला नाही. २०२३ला ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डनबरोबर इंडियन वेल्सची स्पर्धा जिंकली, अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली, आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेतलं. जानेवारी २०२४मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी, आणि त्यासोबत पहिला क्रमांक. वय ४३. इतक्या वयात पहिल्यांदा अव्वल झालेला दुसरा कोणी नाही. मार्चमध्ये मियामीची स्पर्धा, त्याच वर्षी पद्मश्री. १ नोव्हेंबर २०२५ला त्यानं निवृत्ती जाहीर केली. शेवटचा सामना पॅरिसच्या मास्टर्स स्पर्धेत होता.

आता तुमचे प्रश्न.

टाइम आहे का? तंत्र शिकायला आहे. अकरा-बारा हे वय हात घडवण्याचं आहे आणि तुमचं पोरगं दोन वर्षं पुढेच आहे. पण बोपण्णाचं अकरावं वर्ष १९९१चं होतं. आज पुण्या-मुंबईतली, हैदराबादची अकरा वर्षांची मुलं बारा वर्षांखालच्या मानांकन स्पर्धा खेळत असतात. मुलगा उशिरा आलाय असं मी म्हणणार नाही. पण त्याला खऱ्या स्पर्धेत उतरवून पाहायला तुम्ही मात्र उशीर करू नका. क्लबातल्या मोठ्या माणसांवरून अंदाज बांधू नका. चाळिशीचे गृहस्थ संध्याकाळी घाम गाळायला येतात, त्यांना सर्व्हिस घेता आली नाही यावरून काही ठरत नाही.

सर्व्हिसबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझी खरी काळजी तीच आहे. जोरदार सर्व्हिसचं अकरा वर्षांचं पोरगं दिसलं की मी पहिली सर्व्हिस बघतच नाही, दुसरी बघतो. पहिली चुकल्यावर तो चेंडू ढकलतो का? की तितक्याच वेगानं रॅकेट फिरवून चेंडूला फिरकी देतो आणि आत टाकतो? ढकलत असेल तर बारा वर्षांखाली तो सामने जिंकेल आणि चौदाखाली हरू लागेल. कारण तोवर समोरच्या मुलांना उंची आलेली असते आणि ढकललेली दुसरी सर्व्हिस ती पुढे येऊन मारतात. दुसरं बघतो ते चेंडू वर टाकणारा हात. चेंडू दर वेळी एकाच जागी जातोय का? तिसरे पाय. ताकद गुडघे वाकवून खालून येते, की नुसता खांदा ओढला जातो? नुसता खांदाच ओढत असेल तर आत्ताच आवरा. या वयात हाडांच्या टोकांना वाढीच्या कूर्चा असतात आणि खांदा-कोपराला तिथंच इजा होते. खांदा दुखतो म्हणाला तर तेल लावून दुसऱ्या दिवशी मैदानात उतरवू नका, थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

रॅकेटचंही बघा. मोठ्या भावाची किंवा क्लबातल्या कोणाची जड रॅकेट त्याच्या हातात असेल तर बदला. उंचीप्रमाणे या वयाला २६ इंची हलकी रॅकेट बहुतेकांना पुरते. तारा पॉलिएस्टरच्या नकोत. त्या टणक असतात, टीव्हीवरचे खेळाडू वापरतात म्हणून मुलं हट्ट धरतात, पण त्यांचा दणका कोपरापर्यंत जातो. साधी सिंथेटिक गट तार चांगली. चेंडू हिरव्या ठिपक्याचे घ्या. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे २५ टक्के मंद असतात. चेंडू मंद म्हणून मुलगा मागे पडेल, अशी भीती पालकांना वाटते. प्रत्यक्षात मंद चेंडूवर तो पूर्ण फटका मारायला शिकतो.

आपल्याकडचं ऊन हाही मोठा विषय आहे. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. तापलेल्या हवेत चेंडूला रोध कमी होतो आणि गरम रबर जास्त उसळतं, त्यामुळे चेंडू लांब जातात. मुलगा आपोआप फटका आखडायला लागतो आणि ती सवय पावसाळ्यातही सुटत नाही. एप्रिल ते मृग लागेपर्यंत पहाटे खेळवा, दहाच्या आत कोर्ट सोडा. मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा, संत्र्याचा रस असेल तर उत्तमच.

पुण्याला आता नको. बोपण्णा चौदाव्या वर्षी गेला, आणि तोवर तीन वर्षं घरी राहून खेळला होता. अकरा वर्षांच्या लेकराला घरापासून सहाशे-सातशे किलोमीटरवर ठेवून त्याच्याकडून रोज पाच तासांच्या खेळाची अपेक्षा करणं मला पटत नाही. एकटेपणामुळे खेळच सोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यातली काही खरोखर चांगली होती. त्याऐवजी पुढची दोन वर्षं नागपूर धरा. शनिवार-रविवार एसटीनं घेऊन जा. रामनगरच्या हार्ड कोर्टांवर खेळू द्या. मुरमावर चेंडू मंद आणि वेडावाकडा उसळतो, सिमेंटवर तो सरळ आणि पटकन अंगावर येतो. मुरमावर वाढलेली आपली मुलं पहिल्या स्पर्धेत सहज हरतात, त्याचं निम्मं कारण एवढंच असतं. ऑल इंडिया टेनिस असोसिएशनची खेळाडू नोंदणी करा, जन्मदाखला नीट असू द्या, आणि खालच्या दर्जाच्या टॅलेंट सिरीजपासून सुरुवात करा. जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धाही सोडू नका, चौदा वर्षांखालचा गट आहे. दोन वर्षांनी तो राज्यातल्या चांगल्या मुलांशी तीन सेट झुंजत असेल, आणि स्वतः म्हणत असेल की मला जायचंय, तर पुण्याचा विचार करू. तेव्हा त्याला बालेवाडीचं स्टेडियमही दाखवा. बोपण्णानं तिथं महाराष्ट्र ओपनची दुहेरी २०१९ आणि २०२२ अशी दोनदा जिंकली आहे.

दोन एकर विकू नका. इथं मी तुम्हाला स्पष्ट आकडे देतो. व्यावसायिक टेनिसची सर्वांत खालची पायरी म्हणजे पुरुषांसाठी १५ हजार डॉलरच्या स्पर्धा. हे १५ हजार सगळ्या स्पर्धेचे मिळून. एकेरी जिंकणाऱ्याच्या हाती दोन हजार डॉलरच्या थोडं वर, पहिल्या फेरीत हरणाऱ्याला सुमारे दीडशे. त्यातून कर जातो, आणि विमान, हॉटेल, खाणं, तारा हे सगळं स्वतःचं. सुमित नागल हरयाणातल्या खेड्यातला, तेव्हाचा भारताचा अव्वल एकेरी खेळाडू. २०२३मध्ये त्यानं सांगितलं की वर्षभराचा खर्च भागवल्यावर खात्यात ९०० युरो उरलेत. देशातला पहिला क्रमांक हे सांगत होता! दुसऱ्या टोकाला २०२४च्या ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरीचं बक्षीस जोडीला ७ लाख ३० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर होतं. या दोन टोकांमध्ये जी वर्षं जातात ती कोणाच्या तरी पैशावर काढावी लागतात. कोडगूच्या कॉफीच्या मळ्याचं आणि आपल्या बागेचं अर्थकारण सारखं धरू नका. संत्र्याच्या आंबिया बहाराला फळगळ लागली की तुमचं वर्ष कसं जातं ते मी तुम्हाला सांगायला नको. जमीन हा तुमच्या घराचा शेवटचा आधार आहे. तो अकरा वर्षांच्या मुलाच्या रॅकेटला बांधला तर प्रत्येक हरलेल्या सामन्यानंतर त्याला दोन एकर दिसतील. त्या ओझ्याखाली कोणीही मोकळा फटका मारू शकत नाही.

पैसा लावायचाच तर वर्षाच्या उत्पन्नातून जमेल तेवढा लावा आणि शाळा अजिबात सुटू देऊ नका. टेनिसमध्ये अभ्यासाचा थेट उपयोग होतो, हे आपल्याकडे फार कमी पालकांना माहीत आहे. सोमदेव देववर्मन अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात शिकत असताना तिथली आंतरविद्यापीठ एकेरी २००७ आणि २००८ अशी लागोपाठ जिंकला आणि मग व्यावसायिक झाला. ऋतुजा भोसलेही टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळून आली. शिष्यवृत्तीवर चार वर्षं चांगलं प्रशिक्षण आणि वर पदवी असा हा मार्ग आहे. त्यासाठी खेळाबरोबर गुण लागतात आणि इंग्रजी लागतं. शेतकऱ्याच्या घराला सर्वांत परवडणारा मोठा मार्ग मला हाच दिसतो. तिथवर नाही पोचला तरी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शिवाय प्रशिक्षक, पंच, फिजिओथेरपिस्ट ही कामं आहेत. आपल्या जिल्ह्यातच अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी तिथं मिळते.

दुहेरीचं आत्तापासूनच बघा. भारताचं आजवरचं बहुतेक मोठं यश तिथलंच आहे. भूपतीचा १९९७चा फ्रेंच ओपन मिश्र दुहेरीचा चषक, पेस-भूपतीचं १९९९चं विम्बल्डन, सानियाचे सहा ग्रँड स्लॅम, सगळं दुहेरीतलं. बाराव्या वर्षी एकेरी सोडा असं मी म्हणत नाही, एकेरीशिवाय पाय आणि रॅली तयार होत नाहीत. पण प्रत्येक स्पर्धेत दुहेरीचंही नाव द्या. बरेच पालक एकेरीत हरल्याबरोबर गाडी पकडतात, तसं करू नका. जोडीदाराशी जमवून घेणं, त्याची चूक झाली तरी तोंड वाकडं न करणं, हे लहानपणीच अंगवळणी पडलं पाहिजे. बोपण्णानं वीस वर्षांत किती देशांच्या जोडीदारांबरोबर खेळ जमवला ते आठवा.

राहिलं वावरातलं कोर्ट. दुहेरीचं कोर्ट २३.७७ मीटर लांब आणि १०.९७ मीटर रुंद, भोवतीची मोकळी जागा धरून साधारण ३७ बाय १८ मीटर लागतं. जागा तुमच्याकडे आहे, अडचण काळ्या मातीची आहे. आपली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट मुरूम टाकला तर पहिल्याच पावसाळ्यानंतर कोर्ट वर-खाली होतं, आणि सिमेंट टाकलं तर तडे जातात. करायचंच तर काळी माती खणून काढायची, खाली दगड-गिट्टी, वर मुरमाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि रोलर, पाण्याच्या निचऱ्याला हलका उतार, लांबी उत्तर-दक्षिण. खर्च मोठा आहे आणि रोज पाणी मारून रोलर फिरवायला माणूस लागतो. त्यापेक्षा भिंत बांधा. तीन मीटर उंच, सहा-सात मीटर रुंद, समोर आठ-दहा मीटरचा सिमेंटचा ओटा. भिंतीवर ०.९१४ मीटरवर पांढरी रेघ मारा, नेटची मधली उंची तेवढीच असते. भिंतीसमोर फोरहँड, बॅकहँड, व्हॉली सगळं घोटता येतं आणि समोर कोणी लागत नाही. रोज अर्धा तास भिंत खेळणारा मुलगा आठवड्यातून दोनदा कोर्टावर जाणाऱ्यापेक्षा वेगळा दिसतो. हे मी माझ्याच मुलांत पाहिलं आहे.

तुमच्या चिठ्ठीच्या शेवटी एक ओळ होती, की धाकटी नऊ वर्षांची आहे, दादाचे चेंडू उचलते आणि मधेमधे रॅकेट मागते. तिला रॅकेट द्या. २५ इंचाची आणि नारिंगी ठिपक्याचे चेंडू. विदर्भात मुलींच्या गटात नावं कमी येतात, तिला खेळायला आणि पुढे जायला जागा आहे. दादाला घरीच सरावाला जोडीदार मिळेल, आणि भिंत दोघांना पुरेल एवढी रुंद बांधा. नोंदणीला बसाल तेव्हा दोघांचेही जन्मदाखले आणि फोटो सोबत ठेवा, एकाच दिवसात दोघांचं काम होतं.